आधी टाकेल तो पहिला? मग बाकीच्यांनी काय करायचं?

प्रश्न: आमचा टेलिग्रामवर १४० जणांचा प्रोग्रामिंग गट आहे. निम्मे सोलापुरातले विद्यार्थी, बाकीचे पुण्याला-हैदराबादला नोकरीसाठी गेलेले आपलेच लोक. दीड महिन्यापूर्वी दर शनिवारी रात्री नऊला एक प्रश्न टाकायला सुरुवात केली. जो आधी बरोबर कोड टाकेल तो पहिला. पहिल्या शनिवारी २६ जण आले, सहाव्याला चार. तेच दोघे जिंकतात. एकाने दुसऱ्याचा कोड उचलला म्हणून भांडण झालं. पायथन भाषेत लिहिणारे म्हणतात, तुम्ही कोड चालायला लागणारा वेळ मोजता तेव्हा आमच्या संथ भाषेवर अन्याय होतो. स्पर्धा खेळीमेळीची राहावी आणि बंदही पडू नये, यासाठी काय करू?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर: नमस्कार. २६ चे चार झाले यात तुमच्या माणसांचा दोष नाही. तुमच्या बहुतेक कटकटी ‘आधी टाकेल तो पहिला’ या एकाच नियमातून निघाल्या आहेत. नऊ वाजून सात मिनिटांनी कुणीतरी बरोबर कोड गटात टाकला की उरलेल्या पंचवीस जणांना पुढे डोकं लावायचं कारणच राहत नाही. कोड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पडलेला असतो, त्यामुळे कुणी उचलला आणि कुणाला स्वतः सुचला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि होटगी रोडवरचं दुकान साडेदहाला बंद करून घरी येणाऱ्यासाठी तर शर्यत सुरू होण्याआधीच संपलेली असते.

वेगाला गुण देणाऱ्या स्पर्धा जगात आहेत आणि त्या छान चालतात. आयसीपीसी या महाविद्यालयीन प्रोग्रामिंग स्पर्धेत तिघांचा संघ, एक संगणक, पाच तास, आणि सुटलेल्या प्रश्नावरच्या प्रत्येक चुकीच्या प्रयत्नाला वीस मिनिटांचा दंड. तिथे उतरणारा त्याच तयारीने उतरतो. ओळखीपाळखीच्या गटात ते माप लावलं की दोघं खेळतात आणि बाकीचे बघतात. २०१५ पासून दर डिसेंबरात होणाऱ्या, रोज एक प्रोग्रामिंगचं कोडं देणाऱ्या ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’नेसुद्धा २०२५ मध्ये जागतिक क्रमवारी काढून टाकली, २५ दिवसांचे १२ केले, आणि मित्रमंडळींच्या खासगी याद्या तेवढ्या ठेवल्या.

तेव्हा पुढच्या फेरीपासून वेळ शुक्रवार रात्री नऊ ते रविवार रात्री नऊ ठेवा, आणि फेरी पंधरा दिवसांतून एकदाच घ्या. दर आठवड्याला चांगला प्रश्न तयार करणं एकट्याच्या आवाक्यातलं नाही आणि सहाव्या आठवड्याला तुम्हीच थकलात, हे पत्रावरून दिसतंच आहे. चार फेऱ्या झाल्या की महिनाभर सुट्टी. प्रश्नाचे दोन भाग करा: पहिला दोन गुणांचा, दुसरा तीन गुणांचा. वेळेला शून्य गुण. बरोबरी झाली तर बरोबरीच राहू द्या, ती फोडायला नवा नियम शोधू नका.

मुख्य बदल पुढचा आहे. कोड मागायचाच नाही. प्रत्येकाला एक इनपुट फाइल द्या आणि त्यावर निघालेला एक आकडा मागा. मग तो पायथनने काढला, जावाने काढला की एक्सेलमध्ये काढला, याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. पायथनवाल्यांची तक्रार तिथेच मिटते. दुसरा फायदा असा की दुसऱ्याचा कोड तुमच्या लॅपटॉपवर चालवायची वेळ येत नाही. सध्या तुम्ही वेळ मोजता म्हणजे गटातले कोड थेट चालवत असणार. ते आजच थांबवा. फाइली पुसणारी किंवा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वाचणारी ओळ शंभर ओळींत सहज लपते. कोड तपासायचेच असतील तर ते काम प्रोग्रामिंग स्पर्धांच्या तयार संकेतस्थळांवर न्या. हॅकररँकवर स्वतःची स्पर्धा उघडता येते आणि कोडफोर्सेसवर तिथलेच जुने प्रश्न निवडून खासगी फेरी लावता येते. पण १४० जणांच्या गटाला आत्ता त्याची गरज नाही.

आता प्रश्न कसा तयार करायचा ते बघू. खरी मेहनत इथेच आहे, आणि बहुतेक गट इथेच अंग चोरतात. विषय सोलापूरकराला समजावून सांगावा न लागणारा घेऊ: पाणी. एका अपार्टमेंटची टाकी आहे. नळाला ठरावीक दिवशी पाणी येतं, त्या दिवशी टाकी भरते, आणि रोजचा वापर फाइलमध्ये दिलेला आहे. भाग एक: इतक्या लिटरच्या टाकीत एकूण किती लिटर पाणी कमी पडेल? भाग दोन: कधीच कमी पडू नये म्हणून लहानात लहान टाकी किती लिटरची हवी?

वाचायला सोपं वाटतं. पण ‘पाणी चार दिवसांआड येतं’ असं लिहिलंत की निम्मा गट चुकणार. काहीजण दिवस १, ५, ९ धरतील, काहीजण मध्ये चार दिवस कोरडे सोडून १, ६, ११ धरतील. बोलताना हे चालून जातं, प्रोग्रामला चालत नाही. म्हणून दिवसांचे आकडेच लिहा. पाणी सकाळी वापराआधी येतं की रात्री, टाकी काठोकाठ भरते की आधीच्या शिल्लक पाण्यात भर पडते, एका दिवसाची तूट दुसऱ्या दिवशी भरून काढायची का, या तिन्हींची उत्तरं एकेका वाक्यात द्या. आपण असं ठरवू: सकाळी येतं, काठोकाठ भरते, तूट पुढे जात नाही.

मग छोटा नमुना:

वापर (लिटर): २०० १५० ३०० २५० १८० २२० ४०० १५०
पाणी येण्याचे दिवस: १, ५
टाकी: ८०० लिटर
भाग १: २५०
भाग २: ९५०

हातानं पडताळून पाहा. चौथ्या दिवशी टाकीत १५० उरतात आणि लागतात २५०, म्हणजे तूट १००. पाचव्या दिवशी टाकी पुन्हा ८००. सातव्या दिवशी ती बरोबर शून्यावर येते, पण तूट नाही. आठव्या दिवशी १५० ची तूट. एकूण २५०. पहिल्या चार दिवसांची बेरीज ९००, नंतरच्या चारांची ९५०, म्हणून दुसरं उत्तर ९५०. सातव्या दिवसाचा तो शून्य मुद्दाम ठेवलेला आहे. लिटरऐवजी तुटीचे दिवस विचारलेत, तर ‘पेक्षा कमी’ आणि ‘पेक्षा कमी किंवा समान’ यांत गफलत करणाऱ्याला तो अडवतो.

तरीही हा नमुना कच्चा आहे. पाचव्या दिवशी पाणी आलं तेव्हा टाकी रिकामीच होती. त्यामुळे ‘टाकी ८०० करा’ऐवजी चुकून ‘टाकीत ८०० मिळवा’ असं लिहिणाऱ्यालाही भाग एकमध्ये २५० च मिळतात. तो खूश होऊन मोठ्या फाइलकडे जातो आणि रात्री दोनपर्यंत चूक शोधत बसतो. उपाय साधा आहे: सुरुवातीला कमी वापराचे चार दिवस जोडा, १०० १०० १०० १००, आणि पाणी येण्याचे दिवस १, ५, ९ करा. बरोबर उत्तर अजूनही २५०, पण मिळवणाऱ्याचं शून्य येतं. नमुना देण्याआधी तीन-चार ठळक चुका स्वतः मुद्दाम करून बघा, आणि प्रत्येक चुकीला नमुना वेगळं उत्तर देतो का ते तपासा. यात अर्धा तास जातो आणि शनिवारच्या पन्नास शंका वाचतात.

मोठ्या फाइलमध्ये एक लाख दिवस घाला. पावणेतीनशे वर्षं एकच अपार्टमेंट उभं कसं राहिलं, असं कुणीतरी विचारणारच, विचारू द्या. रोजचा वापर ० ते १०,००० मधला कुठलाही, टाकी १८,००० लिटर, पाणी १, ५, ९, १३ अशा दिवशी. या मापाने भाग एकचं उत्तर आठ-नऊ कोटींच्या घरात जातं, म्हणजे अंदाजाने कुणाला लागत नाही आणि ३२ बिटांच्या पूर्णांकाच्या (सी, जावासारख्या भाषांतल्या नेहमीच्या पूर्णांकाच्या) २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेच्या आतही राहतं. त्या मर्यादेबाहेर जाणारं उत्तर ठेवायला हरकत नाही, पण तसं प्रश्नात आधी सांगा. नाहीतर सी शिकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलाला उणे आकडा दिसतो आणि तो गट सोडून जातो.

भाग दोनचं उत्तर साधारण ३८,००० च्या आसपास येईल. एकेका लिटरने टाकी वाढवत प्रत्येक वेळी सगळे दिवस तपासणारा प्रोग्राम सुमारे ३८० कोटी पायऱ्या चालतो. सी++ मध्ये तो मिनिटभरात उरकतो, पायथनमध्ये दहा-पंधरा मिनिटं किंवा जास्त लागतात. चार-चार दिवसांच्या बेरजा घेऊन त्यांतली सर्वांत मोठी शोधणाऱ्याला डोळ्याची पापणीही लवायला नको. आमच्या मते मैत्रीच्या स्पर्धेला हेच माप योग्य. साध्या मार्गाने जाणाराही चहा पिऊन येईपर्यंत पोचतो, पण ती पंधरा मिनिटं त्याला टोचतात आणि रविवारी दुसऱ्याची युक्ती ऐकताना तो कान देऊन ऐकतो. साधा मार्ग वर्षभर चालेल असा आकडा ठेवलात तर नवखे गळतात.

प्रश्न लिहिणारा आणि तपासणारा एकच नको. बुधवारी दोघांना फक्त प्रश्नपत्रिका द्या, तोंडी काहीही सांगू नका, आणि दोघांनी वेगवेगळ्या भाषांत सोडवू द्या. तिघांची उत्तरं जुळली तरच शुक्रवारी प्रश्न बाहेर. जुळली नाहीत तर शंभरातल्या नव्वद वेळा दोष प्रश्नाच्या वाक्यात असतो. लिहिणारा आणि तपासणारे त्या फेरीत खेळत नाहीत. त्यांना त्यांच्या बाकीच्या फेऱ्यांची सरासरी द्या, नाहीतर या कामाला कुणी पुढे येणार नाही.

फाइल गप्पांत चिकटवू नका. टेलिग्रामचा एक संदेश ४,०९६ अक्षरांपुरता असतो, पुढचं तुटतं. टेक्स्ट फाइल जोडून द्या. विंडोजवर केलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा न दिसणारं चिन्ह असतं. काही भाषांत ते शेवटच्या आकड्याला चिकटतं आणि ‘आकडा ओळखता येत नाही’ अशी ओरड सुरू होते. फाइल साठवताना लिनक्स पद्धतीचा ओळीचा शेवट निवडा आणि शेवटी रिकाम्या ओळी ठेवू नका. प्रश्न मराठीत खुशाल लिहा, पण फाइलीतले आकडे इंग्रजी ठेवा. पायथनला ‘१२३’ दिलं तर तो निमूटपणे एकशेतेवीस समजतो, सी++ समजत नाही, आणि विनाकारण नवं भांडण उभं राहतं.

मराठी शब्दांवरचा प्रश्न मात्र एकदा जरूर ठेवा, सावधपणे. ‘सोलापूर’मध्ये अक्षरं किती? माणूस चार म्हणतो, पायथन सात म्हणतो, सी मधलं लांबी मोजणारं फंक्शन यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत एकवीस सांगतं, कारण काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात आणि प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. हाच शब्द पायथनने सरळ उलटवला तर ‘रूपालोस’ मिळतं. अक्षरं धरून उलटवला तर ‘रपूलासो’. तुम्हाला कुठलं हवं ते नमुन्यात दाखवलं नाहीत तर रविवारची सगळी चर्चा त्यावरच जाईल. तशी ती चर्चाही काही वाईट नसते म्हणा.

उत्तरं गोळा करायला आरंभी गुगल फॉर्म पुरतो. सदस्याचा क्रमांक, भाग, उत्तर, बस. फॉर्मच्या ‘उत्तर पडताळणी’त बरोबर आकडा घालायचा मोह होईल, कारण लगेच ‘चूक’ असं दाखवता येतं. घालू नका. तो आकडा पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये, जातो आणि तुमच्या गटात सोर्स उघडून बघणारे नक्की आहेत. सकाळी दहा आणि रात्री दहा, असं दोनदा उत्तरांचं गुगल शीट उघडून तपासा आणि ज्याचं चुकलं त्याला खासगीत कळवा. उत्तराचा रकाना साध्या मजकुराचा ठेवा. शीट पंधरा अंकांपलीकडचा आकडा नीट सांभाळत नाही. पुढे कुणाला हौस असेल तर उत्तरं आपोआप तपासणारा टेलिग्राम बॉट लिहू द्या, पण तो घरच्या लॅपटॉपवर चालवला तर वीज गेली की स्पर्धाही गेली.

कोड उचलण्याबद्दल. पाच वेगवेगळ्या इनपुट फाइली बनवा आणि सदस्य क्रमांकाला पाचाने भागून उरलेल्या बाकीप्रमाणे वाटा. शेजाऱ्याचा आकडा मग सहसा कामाचा नाही. पाचही फाइलींची उत्तरं त्या तिन्ही प्रोग्रामांनी काढून ठेवा. प्रोग्रामच मागून घेतला तर? घेऊ द्या. इथे पैसे नाहीत, पदक नाही. रोख बक्षीस मात्र अजिबात ठेवू नका. पाचशे रुपये आले की तुमचा अर्धा वेळ चौकशीत जातो. भाग एक सोडवलेल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकून एकाला पाव किलो शेंगा चटणी पाठवा. पुण्यातल्या मुलांना तिची किंमत बरोबर कळते.

एआयचं तोंड बंद करता येणार नाही. टाकीचा हा प्रश्न जसाच्या तसा चिकटवला तर उत्तराचा कोड मिनिटभरात मिळतो. पकडापकडीच्या नादी लागलात तर तुम्ही हराल आणि प्रामाणिक माणसावर आळ घ्याल. फॉर्ममध्ये एक चौकट ठेवा: ‘एआयची मदत घेतली’. खूण केली तर गुण तेवढेच, यादी वेगळी. खोटं बोलून काहीच मिळत नसलं की लोक सहसा खोटं बोलत नाहीत.

शुक्रवारी नऊ ते दहा तुम्ही स्वतः हजर राहा. गटात विषयांची (‘टॉपिक्स’) सोय चालू करून तीन कप्पे करा: प्रश्न, शंका, गप्पा. खासगीत आलेल्या शंकेचं उत्तरही ‘शंका’ कप्प्यात सगळ्यांसमोर द्या. इशारे देताना टेलिग्रामचं मजकूर झाकण्याचं फॉरमॅट वापरायला लावा. आणि प्रश्नात तुमचीच चूक निघाली, तर त्या वाक्याचे दोन्ही अर्थ धरून आलेली उत्तरं ग्राह्य धरा, लगेच, वाद न घालता.

रविवारी सव्वानऊला व्हॉइस चॅट, चाळीस मिनिटं. बोलण्याचा क्रम उलटा ठेवा: भाग एकच सुटलेला आधी, पंधरा मिनिटं वाट बघणारा नंतर, सर्वांत देखणी युक्ती शेवटी. हुशार मुलगा पहिल्यांदा बोलला की बाकीचे माइक उघडत नाहीत. मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी, जे तोंडात येईल त्यात बोलू द्या; सोलापूरचा गट आहे. ज्याने आपली पद्धत दहा ओळींत लिहून टाकली त्याला एक गुण जादा. हा एक गुण तुमचा गट टिकवेल, कारण तो मिळवायला हुशारी लागत नाही.

चौथी फेरी वेगळी करा. असा प्रश्न द्या ज्याचं अचूक उत्तर तुमच्याकडेही नाही. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज ६८ लिंगांना जातात, हे गटातल्या प्रत्येकाला माहीत आहे. नकाशावर ६८ काल्पनिक बिंदू घ्या, त्यांचे निर्देशक (आडवं-उभं अंतर) फाइलमध्ये द्या, आणि सगळे बिंदू एकेकदा गाठून परत येणारी लहानात लहान वाट मागा. ६८ ठिकाणांचे क्रम इतके होतात की ती संख्या ९७ अंकी आहे, तेव्हा सगळे तपासून बघू असं कुणी म्हणणार नाही. उत्तर म्हणून लांबी मागू नका, बिंदूंचा क्रम मागा आणि लांबी तुम्ही मोजा. आपली लांबी मोजताना लोक परतीचा शेवटचा टप्पा हमखास विसरतात. एखादा बिंदू दोनदा आला किंवा राहून गेला तर क्रम बाद. मुदत दोन आठवडे, आणि दररोज रात्री त्या दिवसाची सर्वांत लहान वाट जाहीर करा. नवखा दरवेळी जवळचा बिंदू गाठत पहिल्याच दिवशी नाव लावतो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की वाट स्वतःलाच ओलांडते तिथे दोन रेषा सोडून उलट्या जोडल्या की लांबी घटते, आणि सगळा गट गाठी सोडवायला बसतो. ही फेरी जानेवारीच्या मध्यावर मात्र लावू नका. तेव्हा निम्मे जण गड्ड्यावर, म्हणजे याच यात्रेच्या जत्रेत, असतील आणि उरलेले निम्मे त्यांच्याकडे फोटो मागत असतील.